पोटाशी धरायचा कॅमेरा

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचा भिंगारच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. छावणी शेजारीच, त्यामुळे गिऱ्हाइकं बहुतेक जवानच असायची. सुट्टीवर गावी जायच्या आधी फोटो, बदली झाली की चौघं मित्र मिळून फोटो. एकाहत्तरच्या लढाईच्या सुमाराला तर स्टुडिओबाहेरच्या फळीवर बसायला जागा नसायची. माझी मैत्रीण तेव्हा आतल्या डार्करूममध्ये असायची. बाहेर वडिलांनी काढलेले चेहरे आत तिच्या हाताखाली पाण्यातून वर यायचे. त्यातल्या काहींची पाकिटं न्यायला नंतर कुणी आलंच नाही. ती पाकिटं तिने फेकू दिली नाहीत.

आम्ही दोघी शाळेत एका बाकावर होतो. लहानपणीच्या पोलिओने तिचा उजवा हात गेला होता. खांद्यापासून तो नुसता लोंबायचा, बोटांत थोडी हालचाल होती तेवढीच. डाव्या हाताने ती लिहायची, चित्रं काढायची, भाकरीसुद्धा थापायची. मधल्या सुट्टीत सुटलेली वेणी मात्र मी घालून द्यायची. शाळा संपल्यावर मी नगरला सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनियर लोकांनी काढलेले नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचं काम. ती वडिलांच्या स्टुडिओत राहिली. निगेटिव्हवरचे डाग बारीक ब्रशने झाकण्यात तिच्यासारखा हात अख्ख्या नगरात नव्हता, असं तिचे वडीलच सांगायचे.

पण तिला फोटो काढायचे होते. स्टुडिओत स्टँडवरचा मोठा कॅमेरा होता, तो ती चालवायची. बाहेरच्या कामाचा कॅमेरा वेगळा होता. एकावर एक दोन भिंगं असलेला, पोटाशी धरून वरून आत बघायचा, चौकोनी डब्यासारखा. त्याचं बटण उजव्या बाजूला. डाव्या हाताने फोकस करायचा, उजव्या हाताने बटण दाबायचं आणि उजवीकडचीच मूठ फिरवून फिल्म पुढे न्यायची. एका हाताच्या माणसाला तो नुसता धरतासुद्धा यायचा नाही. मॅट्रिकच्या सुट्टीत तिने एकदा प्रयत्न केला होता आणि कॅमेरा फरशीवर पडला. एका भिंगाला तडा गेला, ते पुण्याहून बदलून आणावं लागलं. वडील रागावले नाहीत. त्यांनी फक्त कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. त्यांनी एखादा शब्द बोलून टाकला असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची.

बारसं, डोहाळजेवण असलं की फोटोसाठी बोलावणं यायचं. वडिलांना बाहेरच्या खोलीत पाट मिळायचा. बायका आत. शेवटी सगळ्या जणी दाराशी येऊन पदर सारखा करत उभ्या राहायच्या आणि एक फोटो निघायचा. ती वडिलांबरोबर जायची आणि आत बसायची. परत आल्यावर मला सांगायची की आज आत काय काय झालं, कोण कशी हसली, कुणाचे डोळे भरले, आणि त्यातलं काहीच फोटोत नाही. आत स्टँड उभा करायला जागा नसायची आणि हातात धरायला हात नव्हता.

एकदा आम्ही दोघी नगरच्या एसटी स्टँडवर उभ्या होतो. एक शेंगदाणेवाला गळ्यात पाटी अडकवून गाड्यांच्या खिडक्यांखालून फिरत होता. पाटी पोटावर टेकलेली, पट्टा मानेवर, दोन्ही हात मोकळे. ती त्याच्याकडे बघत राहिली. आमची गाडी आली तरी बघत राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला तशी पाटी करून दे. शेंगदाण्यांच्या जागी कॅमेरा."

तिच्या डोक्यात सगळं होतं. पोटावर टेकणारी वाकडी फळी, तिच्यापुढे लाकडाचं घर, त्यात कॅमेरा घट्ट बसलेला. पट्टे दोन्ही खांद्यांवरून. बटणाला स्टुडिओतली, टोक दाबलं की लांबून बटण दाबणारी तार जोडायची आणि तिचं टोक डाव्या बाजूला आणायचं. कॅमेरा जागचा हलत नसेल तर फोकस, बटण, मूठ, सगळं डाव्या हाताने एकामागून एक करता येईल. घाई होणार नाही एवढंच. ती बोलत गेली आणि मी तिकिटाच्या पाठीमागे काढत गेले.

कॅमेऱ्याच्या खोक्यात एक घडीचं माहितीपत्रक होतं. त्यात लांबी, रुंदी, उंची मिलीमीटरमध्ये छापलेली. वडिलांना काही सांगायला नको, आधी करून दाखवू, असं आमचं ठरलं. मी ते आकडे घेऊन ऑफिस सुटल्यावर नीट नकाशा काढला. भिंगारमधल्याच एका सुताराने तो बघून सागाचं घर केलं. काम सुबक होतं. वडील जेवायला गेल्यावर तिने स्टुलावर चढून कॅमेरा काढला, मी खाली हात पसरून उभी. घरात ठेवायला गेलो तर आडव्या बाजूने तो सैल पडत होता आणि मागच्या बाजूने अडकून आत जाईचना. छापलेल्या रुंदीत बाहेर आलेल्या मुठी धरल्या होत्या, हे तेव्हा लक्षात आलं. शिवाय वडिलांनी मधे कधीतरी कॅमेऱ्याचं झिजलेलं कातडं बदलून जाड कातडं चिकटवून घेतलं होतं.

ती घर उलटसुलट करून बघत म्हणाली, "हे कॅमेऱ्याचं माप आहे गं. आमच्या कॅमेऱ्याचं नाही."

म्हणजे वडिलांना विचारणं आलं. तिने त्याच संध्याकाळी विचारलं. त्यांनी ते लाकडी घर बराच वेळ हातात धरून बघितलं आणि ठेवून दिलं. आम्हाला वाटलं, विषय संपला. पुढच्या सोमवारी, स्टुडिओला सुट्टी असते त्या दिवशी, मलाही सरकारी सुट्टी होती म्हणून मी सहज गेले तर टेबलावर टॉवेलची घडी घालून तिच्यावर त्यांनी कॅमेरा ठेवलेला होता. खिडकी उघडी होती. मला म्हणाले, तुझी वाट बघतोय. मी ऑफिसच्या पेटीतला डिव्हायडर काढला, तसा त्यांनी हात आडवा केला. धातूचं, टोकदार काही कॅमेऱ्याला लावायचं नाही, ही त्यांची अट होती. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा.

मग आम्ही माप कागदाने घेतलं. कागदाची पट्टी कॅमेऱ्याभोवती ओढून गुंडाळायची, टोक जिथे येईल तिथे तिने नखाने खूण करायची, मी पट्टी सपाट करून मोजायची. सरळ बाजूंना हे जमलं. कोपरे मात्र गोल होते आणि प्रत्येक कोपऱ्याचा गोलावा वेगळा. त्याला युक्ती तिनेच काढली. स्टुडिओतला मोठा दिवा कॅमेऱ्याच्या मागे लावला. मी पुठ्ठ्याचा तुकडा कोपऱ्याला भिडवायची आणि ती एक डोळा मिटून बघायची. जिथून उजेड झिरपेल तिथे पुठ्ठा जास्त कापला गेलेला, जिथे टेकेल तिथे आणखी कापायचा.

"अजून दिसतोय," ती म्हणायची. मी नवा तुकडा घ्यायची. किती तुकडे वाया गेले त्याला गणती नाही. वडील आधी लांब पेपर वाचत बसले होते. मग उठून मागे उभे राहिले. मग म्हणाले, सरक जरा, आणि स्वतःच डोळा लावून बघायला लागले. खालची कडी उघडल्याशिवाय रोल बदलता येत नाही, तेव्हा घराला बूड ठेवू नका, नुसत्या दोन पट्ट्या ठेवा, हे त्यांनीच सांगितलं. मधे चहा झाला. दुपारी त्यांच्याकडेच पिठलं-भात जेवले. संध्याकाळी शेवटचा पुठ्ठा लावला आणि तिने दोन्ही डोळे उघडून सांगितलं की आता काळोख आहे, कुठूनच काही येत नाही. वडिलांनी खात्री करून घेतली. मग त्यांनी कॅमेरा उचलला आणि पहिल्यांदाच तिच्या डाव्या हातात दिला, खाली स्वतःची ओंजळ धरून.

मी आयुष्यभर मापं घेतली. रस्त्यांची, पुलांची, पुढे पुढे घरांचीही. पण मापाचा दिवस म्हटलं की मला अजून तो सोमवारच आठवतो.

दुसरं घर त्या पुठ्ठ्यांवरून झालं. कॅमेरा त्यात वरून सोडला की सावकाश खाली जायचा आणि बसायचा. हलवला तरी हलायचा नाही. पट्टे तिच्या आईने प्रवासात अंथरूण बांधायच्या जुन्या होल्डॉलचे कापून शिवले. पहिला रोल तिने शेजारच्या गल्लीतल्या बारशात काढला. त्यातले अर्धे फोटो हलले होते. दुसऱ्या रोलमध्ये कमी. तिसऱ्या रोलच्या प्रती वडिलांनी सुकायला टांगल्या आणि दोरीखाली उभे राहून एकेक बघत होते. पाळण्याखाली वाकलेली आजी, पाळण्याची दोरी हातात घेऊन भलतीकडेच बघणारी बाळंतीण. एका फोटोपाशी ते थांबले आणि म्हणाले, हा मला मिळाला नसता. ती आत डार्करूममध्ये होती. मी आत जाऊन तिला सांगितलं. तिने ते मला पुन्हा सांगायला लावलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. माझ्या मावशीच्या गावी, पारनेर तालुक्यात, एक लग्न होतं. पाण्याअभावी अगदी थोडक्यात उरकलेलं, टँकर आला त्या दिवसाचा मुहूर्त धरलेला. मी तिला घेऊन गेले. लग्न झालं, फोटो झाले. परत येताना आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होतं. बायका फडक्यांच्या सावलीत बसून खडी फोडत होत्या. गळ्यातली पाटी बघून एकीने हातोडा थांबवला.

"काय इकती गं बाय?" तिने विचारलं.

मैत्रीण म्हणाली, विकत नाही, फोटो काढते.

"बाई मानूस फोटू काढती व्हय?" ती बाई बाकीच्यांकडे बघून हसली. "मंग आमचा बी काढ की. आमी काय लगनातल्या न्हाई म्हून न्हाई काढायचा व्हय?"

मैत्रीण त्यांच्यात जाऊन खडीवर बसली. पोटाशी धरायच्या कॅमेऱ्यात बघताना मान खाली असते. समोरच्याला आपल्यावर डोळा रोखलाय असं वाटत नाही. बायका थोडा वेळ सावरून बसल्या, मग तिला विसरून भाकरी सोडायला लागल्या. एकीने तिच्या लुळ्या हाताकडे बघून जन्मापासूनचं का, असं विचारलं आणि उत्तर ऐकून तिच्या मांडीवर भाकरीचा तुकडा ठेवला. आमची एसटी येऊन गेली. आम्ही पुढच्या गाडीने आलो. ते फोटो मी पाहिले आहेत. तिने पुढे काय काढलं असतं याचा अंदाज मला त्या फोटोंवरून आहे.

त्यांची एक एक प्रत तिने फाट्यावर नेऊन दिली. तोवर काम पुढे सरकलं होतं आणि त्या बायका कुठल्या गावच्या ते कुणाला नीट सांगता आलं नाही. मुकादमाने प्रती ठेवून घेतल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे झालं. भिंगारमधल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली होती. त्याने परदेशातून आणलेला कॅमेरा होता, छोटा, डोळ्याला लावून बघायचा. एका रोलमध्ये तिप्पट फोटो. वडिलांनी तो स्टुडिओत पूर्वी एकदा बघितला होता आणि त्याचं कौतुक करत असायचे. त्या अधिकाऱ्याला जुना दोन भिंगांचा कॅमेरा आवडायचा. दोघांत अदलाबदल ठरली. वडिलांनी वर काय दिलं ते घरात कुणाला सांगितलं नाही.

मी त्या दिवशी तिथेच होते. ते स्टुडिओत आले, पिशवीतून तो कॅमेरा काढला आणि टेबलावर तिच्यापुढे ठेवला. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"हा तुझ्यासाठी," ते म्हणाले. "एवढं चांगलं काम करतेस, त्या जुन्या डब्यावर किती दिवस काढणार?"

तिने तो डाव्या हातात घेतला. हलका होता. डोळ्याला लावला. बटण उजवीकडे, फिल्म ओढायचा खटका उजव्या अंगठ्याशी, आणि कॅमेरा तर पोटापासून वर थेट डोळ्याशी. पाटीचा काहीच उपयोग नव्हता. तिला ते एका क्षणात कळलं, मलाही कळलं. वडिलांच्या मनात मात्र साधा हिशेब होता की पोरींनी एकाचं माप घेतलं, तशा दुसऱ्याचं घेतील. ते माझ्याकडे वळून म्हणालेसुद्धा, की येत्या सोमवारी ये, पुठ्ठे आणून ठेवतो.

अधिकारी अजून आठवडाभर भिंगारमध्ये होता. त्याचं सामान बांधणं चाललं होतं. जुना कॅमेरा तिथून हाकेच्या अंतरावर होता. मी तिला बाहेर नेऊन म्हटलं, आत्ता सांग, अजून वेळ आहे. ती म्हणाली, "त्यांचा चेहरा बघितलास ना?" मी बघितला होता. तेव्हा मीही पुढे काही बोलले नाही. आठवड्याने सामानाचा ट्रक गेला.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही बसलो. वडिलांनी खरोखरच पुठ्ठे आणून ठेवले होते. माप घेतलं आणि नीट घेतलं. पण हा कॅमेरा डोळ्यापाशी धरून ठेवायचा तर कमरेच्या पट्ट्यातून एक दांडी वर आणावी लागणार होती, आणि मग नुसतं कॅमेऱ्याचं माप पुरत नव्हतं. तिच्या कमरेपासून डोळ्यापर्यंतचं, वाकल्यावरचं, बसल्यावरचं, सगळंच हवं होतं. सुताराने केलेली पहिली दांडी तिने लावून बघितली. श्वास घेतला की कॅमेरा वर जायचा, सोडला की खाली. श्वास रोखून तिने एक रोल काढला. धुतल्यावर त्यात बघण्यासारखं फारसं काही निघालं नाही.

तोवर माझं लग्न ठरलं. मी श्रीरामपूरला गेले. नवरा साखर कारखान्यात, माझी बदलीही तिकडेच झाली. दांडीचा विषय आम्ही सोडला नव्हता. खांद्यावरून आधार दिला तर श्वासाने हलणार नाही, असं मला तिकडे सुचलं आणि मी तिच्याकडून पुन्हा मापं मागवली, कारण कॅमेऱ्याखाली स्क्रू बसतो ते भोक नेमकं कुठे आहे हे मी आधी नोंदलं नव्हतं. ते मधोमध नव्हतं, कडेला होतं. पण आता कॅमेरा मोकळा सापडत नव्हता. लग्नसराई सुरू झाली होती आणि त्या कॅमेऱ्यासाठी वडिलांनी एक माणूस ठेवला होता. कामं थांबवून चालणार नव्हतं, आणि एवढा चांगला कॅमेरा कपाटात ठेवणं त्यांना पटत नव्हतं. तोवर त्याला वापरू दे, तुझं झालं की तू घे, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. तो माणूस सकाळी कॅमेरा घेऊन जायचा तो अंधार पडल्यावर आणायचा. तिने कसाबसा पुठ्ठा कापून पाठवला, तो टपालात वाकला. मी केलेला आधार दिवाळीला माहेरी येताना घेऊन आले, तर स्क्रू तिरका बसत होता. उन्हाळ्यात पुन्हा करू असं ठरलं. उन्हाळ्यात मला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर एकदा भेटलो तेव्हा मी तो विषय काढला. ती निगेटिव्हवर वाकून ब्रश चालवत होती. मान वर न करता म्हणाली, राहू दे आता. रागाने म्हणाली नाही.

पुढची कितीतरी वर्षं ती डार्करूममध्येच राहिली. रंगीत फोटो आले, रोल धुवायला पुण्याला जायला लागले, आणि एक दिवस डार्करूमची गरज उरली नाही. तिथे तिने खुर्च्या ठेवल्या. वडील गेले तेव्हा मी भिंगारला गेले होते. भेटायला आलेल्या बायका गेल्यावर आम्ही दोघीच आतल्या खोलीत बसलो.

मग म्हणाली, "अण्णा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, तो कॅमेरा मी पोरीसाठी घेतला. परवा दवाखान्यात नर्सलासुद्धा सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या आठवड्यात मी नुसतं म्हणायला हवं होतं, मला जुनाच पाहिजे. ते लगेच उठून गेले असते गं. एका शब्दाने गेले असते."

मी तिचा हात धरला. ते जाऊन घेऊन आले असते, आणि पुन्हा टॉवेलची घडी घालून टेबलावर ठेवला असता, हे मला माहीत होतं. त्यांना वाईट वाटलं असतं, ते एखादा दिवस. आम्ही दोघींनी त्यांचा तो एक दिवस वाचवला होता.

बाहेरून कुणीतरी चहा घेऊन आलं. तिने कप डाव्या हातात घेतला आणि मला विचारलं, की तू आज राहणार आहेस ना.

मी राहिले.